डोरीसच्या गाडीचा हॉर्न

डोरीस फारुजाने उभी हयात बस चालवली, पण हॉर्न कधी वाजवला नाही.

मेलबर्नच्या सॉल्टवॉटर भागातल्या बस डेपोत तिची ही ख्यातीच होती. कुणी गाडी आडवी घालो, शाळेची पोरं रस्त्याच्या मधोमध घोळका करून गप्पा मारत उभी राहोत, एखादा म्हातारा कुत्र्याच्या मर्जीने रस्ता ओलांडत असो, डोरीस स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून शांत बसून राही. "थांबलं की माणूस आपोआप बाजूला होतो," ती म्हणायची. "हॉर्न दिला की तो आधी दचकतो, मग चिडतो, आणि मग मुद्दाम सावकाश चालतो."

तिचा नवरा चार्ली चारचौघांत सांगत असे, "हिला लग्नाचं विचारायला मला दोन वर्षं लागली. आणि ही बाई दोन वर्षं नुसती थांबून राहिली. एकदा हॉर्न द्यायचा की नाही!"

चार्ली गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. डोरीस निवृत्त झाली. घर मोठं, माणूस एक. राहिला तो चार्लीचा धाकटा भाऊ साल्वू, ज्याचं नाक्यावर मासळीचं दुकान होतं, आणि राहिला तो सॉल्टवॉटरचा फुटबॉल क्लब. फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियाचा, चेंडू हातांनी झेलून पायाने मारायचा.

क्लबशी डोरीसचं नातं लग्नाच्याही आधीचं. वडील माल्टाहून मेलबर्नला आले आणि गोदीत कामाला लागले. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याने विचारलं, "तुमचा क्लब कोणता?" वडिलांना वाटलं, इथे राहायचं तर हे सांगावंच लागत असेल. त्यांनी शेजाऱ्याच्या गळ्यातल्या तांबड्या-पांढऱ्या मफलरकडे बोट दाखवलं आणि झालं, घराण्याचं ठरून गेलं. सॉल्टवॉटरने शेवटचा चषक जिंकला तो डोरीसच्या जन्माआधी. तरी ती दर सामन्याला जायची, त्याच जागी बसायची. शेजारी साल्वू घसा फोडून ओरडत असे. डोरीस हरलं तरी गप्प, जिंकलं तरी गप्प. अर्थात जिंकण्याचे प्रसंग कमीच.

गेल्या काही वर्षांत तर क्लबने तळ गाठला होता. मग नवे लोक आले आणि म्हणाले, जुनं सगळं पाडून नव्याने बांधू. वयस्क गडी दुसऱ्या क्लबांना देऊन टाकले आणि त्यांच्या बदल्यात ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी घेतल्या. ड्राफ्ट म्हणजे हंगाम संपल्यावर देशभरातल्या अठरा वर्षांच्या पोरांमधून क्लबांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा. जो तळाला, त्याची पाळी आधी. जोडीला नदीकाठच्या जुन्या मैदानावर नवं सराव केंद्र उभं राहू लागलं. काचेच्या भिंती, बर्फाच्या पाण्याचे हौद, छताखालची धावपट्टी.

"घर बांधायचं तर आधी पाडावं लागतं, असं प्रशिक्षक म्हणतो," साल्वू म्हणायचा. "पाडलं ते दिसलं बाबा. आता गवंडी कधी येतायत?"

ही लांबलांबून आलेली पोरं राहायची कुठे? क्लबची रीत अशी की पहिली दोन वर्षं त्यांनी कुणाच्या तरी घरात राहायचं, एकट्याने खोली घ्यायची नाही. डोरीसची मागची खोली रिकामी होती, मैदान दहा मिनिटांवर. क्लबने विचारलं, ती हो म्हणाली. एकामागून एक तिघे राहून गेले. एकाचा गुडघा गेला, एकाला क्लबनेच सोडून दिलं, तिसरा अदलाबदलीत सिडनीला गेला. एक जण मागे निवडुंगाची कुंडी ठेवून गेला, दुसरा ताकदीच्या पावडरीचा अर्धा डबा. ती पावडर डोरीसने कोंबड्यांना घातली. "अंडी मोठी झाली," तिने साल्वूला सांगितलं. "गोल मात्र एकीनेही केला नाही." ती तिन्ही पोरं तिला नॅना म्हणत. तिच्या नातवंडांनी, असती तर, तेच म्हटलं असतं.

मग नोव्हेंबरातला तो ड्राफ्टचा दिवस आला.

साल्वू दुकान लवकर बंद करून, मासळीच्या वासासकट डोरीसच्या सोफ्यावर येऊन बसला होता. टीव्हीवर सूटबुटातला माणूस एकेक नाव वाचत होता. सॉल्टवॉटरची पाळी तिसरी. पहिलं नाव झालं, दुसरं झालं. साल्वूने डोरीसचा हात घट्ट धरला.

"सॉल्टवॉटर. नेड पेंगेली. बुलारिन."

"घेतला! घेतला गं!" साल्वू सोफ्यावर उभाच राहिला. "पाहिलंयस का त्याला उडी मारताना? पोरगं नाही, कांगारू आहे!"

"चपला काढ आधी," डोरीस म्हणाली. पण तिचेही कान गरम झाले होते. "बुलारिन कुठे आलं?"

"पार पश्चिमेला. गव्हाचा मुलूख. चार घरं, एक चर्च आणि एक मैदान."

आणि तेवढ्यात फोन वाजला. क्लबमधून होता. हा पोरगा तुमच्याकडे राहील का, विचारत होते.

नेड आला तो बुटांच्या लेस पिशवीच्या पट्ट्याला बांधून. उंच, कानांपर्यंत उन्हाने रापलेला, बोलायला लाजरा. डोरीसने त्याला रिकोटा चीज भरलेल्या पास्टिझी, म्हणजे माल्टाच्या करंज्या, खाऊ घातल्या. त्याने सहा खाल्ल्या आणि म्हणाला, "थँक यू, मिसेस फारुजा."

"नॅना म्हण रे," साल्वू म्हणाला. "सगळी म्हणतात."

"हो, मिसेस फारुजा," नेड म्हणाला.

पहिल्याच हंगामात त्या पोराने शहराला वेड लावलं. त्याचा पहिला सामना, पहिला गोल. इकडची एक रीत आहे. नव्या गड्याने पहिला गोल केला की मैदानाच्या कानाकोपऱ्यातून त्याचे सगळे सोबती धावत येऊन त्याच्यावर तुटून पडतात. त्या दिवशी सतरा जण धावत आले आणि नेड त्यांच्याखाली दिसेनासा झाला. साल्वू रडत होता. पलीकडचा एक अनोळखी माणूस डोरीसच्या गळ्यात पडला. डोरीस उभी राहिली होती. एवढंच, पण ती उभी राहिली होती. त्या वर्षी सॉल्टवॉटर तळाला नव्हतं. फार वर गेलं असंही नाही, पण गल्लीतल्या पोरांच्या पाठीवर नेडचा आकडा दिसू लागला, आणि केशकर्तनालयातली बाई डोरीसचे केस कापताना विचारू लागली, "तो न्याहारीला काय खातो हो?"

घरी मात्र तो पाहुण्यासारखा राहायचा. ताट धुवायचा, गवत कापायचा, अंथरुणाच्या घड्या घालायचा, आणि मिसेस फारुजा म्हणायचा. डोरीसने कधी काही विचारलं नाही. थांबलं की माणूस आपोआप येतो, तिचा हिशोब साधा होता.

नाताळला तो घरी गेला आणि जानेवारीत परत आला तेव्हा आणखीच गप्प झाला होता. वर्तमानपत्रांत येऊ लागलं की पश्चिमेकडच्या क्लबला तो हवा आहे. करार याच वर्षी संपणार होता. पोराने आपल्या मुलखात परत जायचं म्हटलं की त्याला अडवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सॉल्टवॉटरने सगळी इमारत ज्या खांबावर तोलली होती, तोच खांब निघून जायच्या बेतात होता.

क्लबमध्ये गड्यांची निवड आणि करार बघणारा डनस्टन एक दिवस केक घेऊन डोरीसच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"त्याच्यापुढे नवा करार ठेवलाय," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत सांगतो म्हणालाय. नाही म्हणाला तर वर्षभर पेपरवाले आमची चामडी सोलतील, आणि बाकीची पोरंही चुळबुळ करतील. डोरीस, तुम्ही त्याच्याशी बोला ना."

"मी काय बोलू? मी बसवाली, वकील नव्हे."

"तुमच्याकडे राहतो तो."

"राहतो," डोरीस म्हणाली. "बोलत नाही."

डनस्टन गेल्यावर तिने केक कापला आणि न खाताच झाकून ठेवला. शनिवारी सराव केंद्राचं उद्घाटन होतं. सगळ्या गावाला बोलावणं होतं. क्लबचेच गडी तांबडे आणि पांढरे असे दोन भाग होऊन आपसात सामना खेळणार होते. आणि सोमवारी हा पोरगा कदाचित नाही म्हणणार होता. क्लबचं जे व्हायचं ते होवो, पण मागची खोली पुन्हा रिकामी झालेली तिला नको होती. हे तिचं तिलाच त्या दिवशी कळलं.

नेडच्या खोलीतून एक चमत्कारिक आवाज यायचा. आधी तिला वाटलं, पोरगा एखादा सिनेमा बघतोय, ज्यात भर रस्त्यात गाड्या अडकल्यात. नुसते हॉर्न. पीं पीं, भों, पुन्हा पीं. पाच मिनिटं शांतता, की पुन्हा हॉर्न. गुरुवारी संध्याकाळी तो दूध घ्यायला स्वयंपाकघरात आला तेव्हा हातातल्या फोनमधून तोच आवाज येत होता. पडद्याकडे तो बघतही नव्हता. नुसता ऐकत होता.

डोरीसने त्याच्यापुढे पास्टिझींची बशी सरकवली आणि समोर बसली. काही विचारलं नाही. बस थांब्यावर उभी असावी तशी बसून राहिली.

दोन पास्टिझी पोटात गेल्यावर नेड म्हणाला, "आमचं मैदान आहे हे. बुलारिनचं. मागच्या हिवाळ्यातलं. बहिणीने आवाज भरून पाठवलाय."

"गाड्या कशाच्या एवढ्या?"

"तिकडे बसायला बाकं नाहीत ना. सगळे गाड्या घेऊन येतात, नाक कुंपणाला लावून उभ्या करतात, आणि आतच बसतात. पाऊस असतो, गारठा असतो. आपला गोल झाला की सगळे हॉर्न वाजवतात." त्याने फोन टेबलावर ठेवला. "हा भों आहे ना, तो बाबांचा गव्हाचा ट्रक. ही बारीक पिपाणी आजीची. आणि हा, ऐका हां, हा शेवटी एकटाच वाजतो तो पोस्टमन बर्नीचा. त्याला ऐकू कमी येतं. सगळे थांबले की मग तो सुरू करतो."

तो हसला. डोरीसने या घरात त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"मी गोल केला की न बघता कळायचं, कोण कोण आलंय," नेड म्हणाला. "इथे एवढं मोठं स्टेडियम, इतकी माणसं ओरडतात. पण कोण ओरडलं ते कळतच नाही, मिसेस फारुजा." मग दुधाचा पेला उचलून तो दाराशी थांबला. "सोमवारी मी डनस्टनना सांगणारे. बहुतेक घरीच जाईन म्हणतोय. तुमचं काही नाही हां यात. तुम्ही फार चांगल्या आहात."

दार लागलं. डोरीसने रिकामी बशी उचलून धुवायला ठेवली. आयुष्यभर थांबून तिने पुष्कळ माणसं मिळवली होती. पण थांब्यावरून गाडी सुटत असताना थांबून राहण्याला काही अर्थ नसतो, हे बसवालीला कुणी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेड सरावाला गेल्यावर ती गॅरेजमध्ये गेली, आपल्या इवल्याशा निळ्या गाडीत बसली, इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले आणि हॉर्नवर हात दाबला.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबला. ठक असा आवाज आला, तोही तिच्या अंगठीचा.

साल्वू आला तो कमरेला मासळीचं फडकं गुंडाळूनच. सगळं ऐकून घेतलं, गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि हसायलाच लागला.

"गंजून माती झालीय! अगं, गाडी घेतल्यापासून एकदाही नाही वाजवलास?"

"गरज नाही पडली."

"चार्ली वरून बघत असेल तर लोळत असेल हसून. थांब. माझ्या जुन्या मासळीच्या ट्रकचा हॉर्न पडलाय दुकानात. तो लावतो."

"ट्रकचा? या गाडीला?"

"पोराच्या बापाचा ट्रक आहे म्हणालीस ना? मग आपली काय पिपाणी वाजणार?"

"साल्वू, पण लाज नाही का वाटणार त्याला? सगळ्या लोकांत? आणि घरची आठवण आणखीच आली तर?"

साल्वूने डोकं बाहेर काढलं. नाकाला काळं लागलं होतं. "येऊ दे की. आत्ता काय विसरलाय तो?"

डोरीसने गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली.

दुपारी मासळीच्या दुकानाबाहेरच्या फळ्यावर, माकूल आणि कोळंबीच्या खाली, खडूने लिहिलेलं झळकलं. 'शनिवारी सकाळी गाडी घेऊन मैदानावर. नदीच्या बाजूला. नाक कुंपणाकडे. नेडने गोल केला की हॉर्न. पोराला सांगाल तर सोमवारपासून मासे मिळणार नाहीत.'

शनिवारी डोरीस लवकर पोचली, तरी तिच्या आधी गाड्या आल्या होत्या. फेब्रुवारीचं ऊन सकाळीच चटचटत होतं. नव्या केंद्राच्या काचा नदीच्या पाण्यासारख्या लखलखत होत्या. गावकरी आत फिरून बर्फाच्या हौदात बोटं बुडवून बघत होते आणि किंचाळत होते. नदीकाठच्या रस्त्यावर मात्र एकेक गाडी येऊन नाक कुंपणाला लावत होती. केशकर्तनालयातली बाई आली. डेपोतले जुने सोबती आले, एकाने तर नातीची आइस्क्रीमची गाडीच आणली होती. कुणी कुत्री आणली, कुणी थर्मास. मधोमध डोरीसची निळी गाडी, शेजारी साल्वूचा ट्रक.

क्लबचा सुरक्षारक्षक धावत आला. "मॅडम, गाड्यांसाठी मागे जागा केलीय. झाडांची सावली आहे, पट्टे आखलेत."

"रस्ता क्लबचा आहे का?" साल्वूने विचारलं.

"नाही, पण..."

"मग आम्ही नदी बघतोय."

"नदी तुमच्या मागे आहे, साहेब."

"आरशात बघतोय," साल्वू म्हणाला.

रक्षक हसला आणि गेला. मग परत आला, आणि हळूच विचारलं, "माझीपण गाडी आणू का?"

सामना सुरू झाला. नेड तांबड्यांकडून खेळत होता. डोरीसचे दोन्ही हात चाकावर होते. चेंडू या टोकाकडून त्या टोकाकडे चालला होता, गडी एकमेकांवर आदळत होते, नवं गवत उडत होतं. नेडने एकदा चेंडू उचलला, दोघांना चकवलं, पण पास दुसऱ्याला दिला. गाड्यांची सगळी रांग पुढे झुकली आणि परत मागे टेकली.

"स्वतः मार की रे गाढवा!" साल्वू खिडकीतून ओरडला.

आणि मग ते झालं. लांबून उंच आलेला चेंडू नदीच्या बाजूला खाली येत होता. चार गडी त्याच्याखाली जमले होते. नेड मागून धावत आला, एकाच्या खांद्यावर गुडघा टेकवला आणि वर गेला. किती वर! डोरीसला काचेतून त्याचे बूट माणसांच्या डोक्यांच्या पातळीवर दिसले. क्षणभर तो तिथेच टांगल्यासारखा राहिला, दोन्ही हातांत चेंडू घट्ट झाला, आणि मग तो पाठीवर धपकन पडला. आख्खं मैदान ओरडलं. असा झेल घेतला की निवांत, कुणी आडवं न येता मारायला मिळतं. पण जागा अवघड होती, अगदी कडेला. समोर चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबाकडे सरकला तर नुसता पॉइंट, एक गुण.

नेडने मोजे वर ओढले, धावत आला, मारला.

चेंडू उजवीकडे गेला आणि मग हवेत वळला. वळत वळत, सुंदर वाकत, उंच खांबांच्या मधोमध यायला लागला. आणि जन्मभर जी बाई थांबली, तिच्याने या वेळी थांबवलं नाही. डोरीसचा हात आपोआप खाली गेला.

भोंऽऽऽ!

इवल्याशा निळ्या गाडीतून तो आवाज निघाला तेव्हा तिची तीच दचकली. साल्वूला वाटलं झाला गोल. त्याने दाबला. मग केशकर्तनालयवाली, मग डेपो, मग आइस्क्रीमच्या गाडीची घंटा, मग सगळी रांग. झाडांवरचे पांढरे पोपट किंचाळत उडाले. काचांच्या आतली माणसं काचांना नाकं लावून बघू लागली.

आणि चेंडू उंच खांबाला चाटून बाहेर पडला.

पांढऱ्या टोपीतल्या पंचाने एकच बोट वर केलं. पॉइंट.

हॉर्न एकेक करून विझत गेले. शेवटी दूरवर एकटा रक्षकाचा वाजत राहिला आणि तोही ओशाळून थांबला. गडी होते तिथे उभे. प्रशिक्षकाचं तोंड उघडंच. डोरीसला गाडीच्या तळाशी लपावंसं वाटलं.

नेड वळून गाड्यांकडे बघत उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी रांग त्याने बघितली. नाकं कुंपणाला लावलेल्या गाड्या, आतली माणसं. मग मधल्या निळ्या गाडीत चाकाला घट्ट धरून बसलेली डोरीस त्याला दिसली. त्याचे खांदे हलू लागले. रडतोय, डोरीसच्या मनात आलं, मी रडवलं याला. पण तो कमरेत वाकला, गुडघ्यांवर हात टेकले, आणि त्याचं हसू मैदानापार ऐकू आलं. सामना चालू, चेंडू पलीकडे गेलेला, आणि हा सगळं सोडून कुंपणाकडे धावत सुटला.

"नॅना!" तो ओरडला. "अगं नॅना, पॉइंटला हॉर्न नसतो वाजवायचा!"

डोरीसने काच खाली केली. "मला वाटलं आत गेला!"

"वाटून कसं चालेल? पंचाची दोन बोटं वर झाली की मग! तोवर हात वर! बुलारिनला तुला गाडीतून खाली उतरवलं असतं!"

"मग करायचा होता की नीट गोल!" साल्वू मध्येच गरजला. "आमचं पेट्रोल जाळून आलोय आम्ही!"

"पेंगेली!" मागून प्रशिक्षक कडाडला. "चहा पाठवू का तिकडे?"

नेड पळाला. पण त्यानंतर तो जो खेळला तो वेगळाच गडी होता. तोंडभर हसत, हात पसरून चेंडू मागत, पडत, उठत. प्रत्येक वेळी चेंडू त्याच्याकडे आला की कुंपणापलीकडे सगळ्या गाड्यांत सगळ्यांचे हात हवेत जात, जणू पोलिसांनी बंदूक रोखली आहे. आणि मध्यंतराच्या थोडं आधी त्याने गर्दीतून सुटून, धावता धावता, लांबून तडाखा दिला. चेंडू उंच खांबांच्या बरोबर मधून गेला. तरी कुणी हललं नाही. पंच पुढे आला. त्याने अंगरखा सारखा केला, आणि गाड्यांच्या रांगेकडे बघत, मुद्दाम सावकाश, दोन बोटं वर केली.

तेव्हा जो आवाज उठला तो म्हणे पुलापलीकडे ऐकू गेला.

सामना संपल्यावर लोक बर्फाच्या हौदांकडे परतले. नेड अंगावरच्या घामासकट कुंपण ओलांडून आला आणि रांगेच्या टोकापासून चालू लागला. प्रत्येक गाडीपाशी थांबायचा आणि म्हणायचा, "एकदा वाजवा ना." केशकर्तनालयवालीने वाजवला. डेपोवाल्यांनी वाजवला. आइस्क्रीमच्या घंटेपाशी तो डोळे मिटून जरा जास्तच थांबला. साल्वूचा ऐकल्यावर म्हणाला, "हा ओळखू येईल." मग निळ्या गाडीशी आला.

"हा मघाशी भों केला तो? एवढ्याशा गाडीतून?"

"ट्रकचा आहे," डोरीस म्हणाली. "मासळीच्या. आमचा गंजला होता."

तोवर डनस्टन तिथे पोचला होता. टाय सैल, चेहरा काळजीने ओढलेला. काही विचारावं की नाही, या विचारात तो घुटमळत उभा होता. नेडने त्याच्याकडे पाहिलं, मग डोरीसकडे.

"डनस्टन, सोमवारची वाट नका बघू," तो म्हणाला. "या लोकांना हॉर्न कधी वाजवायचा तेच कळत नाही. शिकवायला वेळ लागेल."

"किती?" डनस्टनने विचारलं.

"कागदावर काय म्हटलंय? तीन वर्षं? लागतीलच तीन. ही बाई फार घाई करते."

साल्वू जो हसत सुटला तो ट्रकच्या दाराला धरूनच खाली बसला. "घाई! डोरीस! ऐकतोयस का चार्ली? घाई करते म्हणे!"

डोरीसला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. ती रुमालाने तोंड पुसत होती, तोवर नेडने खिशातून फोन काढून कुणाला तरी लावलाही होता.

"बाबा? उठलात का? तिकडे सकाळच ना अजून? ऐका हां जरा. नाही, काही बोलू नका. नुसतं ऐका." त्याने फोन निळ्या गाडीच्या नाकाशी धरला आणि काचेतून खूण केली. "नॅना, वाजव."

डोरीसने चाकावर हात नेला, आणि थबकली.

"आत्ता वाजवू? नक्की?"

नेडने फोनचा हात तसाच ठेवला, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.